कोर

बसा. घाई नाही. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल.

डोळे मिटा आणि समोर एक भाकरी आणा. ज्वारीची, काटवटीत थापलेली, तव्यावरून विस्तवावर गेलेली, टम्म फुगून पुन्हा बसलेली. हातांनी थापलेली भाकरी अगदी काटेकोर गोल नसते, पण आज ती तशी आहे असं धरू. या कडेपासून त्या कडेपर्यंत, बरोबर मधून, 28 सेंटिमीटर. हा तिचा व्यास. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत 14. ही त्रिज्या.

निवू द्या तिला. मग कडेवर एक मुंगी सोडा. मुंगी चालते आहे, खरपूस, टणक काठावरून. तिला वळावं लागतं, पण कोपरा कुठेच लागत नाही. निघाली तिथे परत येईपर्यंत तिचं अंतर होतं व्यासाच्या 22/7 पट, म्हणजे 88 सेंटिमीटर.

इथे क्षणभर थांबा. 22/7 हे शाळेत पाठ केलेलं माप. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त हे माप स्थूल, व्यवहाराला पुरेसं म्हणून येतं, त्याच्या शेजारी 3927/1250 हे सूक्ष्म मापही आहे. किती चालेल आणि किती नेमकं हवं, हे दोन्ही त्यांनी एकाच जागी सांगून ठेवलं. आपल्याला आज भाकरीपुरतं हवं आहे. 88 चालेल.

आता भाकरी दोन्ही हातांत घ्या आणि मधोमध मोडा. सावकाश. आवाज ऐका. एक अर्ध बाजूला ठेवा, दुसरं समोर असू द्या.

मनाला विचारा, या अर्ध्याभोवती मुंगी किती चालेल? उत्तर लगेच येतं : 88 चं निम्मं, 44. येऊ द्या ते उत्तर. हाकलू नका. नुसतं मुंगीकडे बघत राहा.

ती गोल काठावरून निघाली. 44 सेंटिमीटर झाले आणि ती एका टोकाला आली. इथे कोपरा आहे. आयुष्यातला तिचा पहिला कोपरा. निघाली तिथे ती अजून पोचलेली नाही. परतायची वाट मोडलेल्या बाजूनं आहे, सरळ, मऊ, पापुद्रे सुटलेली. ती वाट 28 सेंटिमीटरची. 44 आणि 28 मिळून 72. अर्धवर्तुळाची परिमिती ही अशी : अर्धा परिघ, आणि त्यात पूर्ण व्यास. परीक्षेच्या पेपरात राहून जातो तो हाच व्यास.

तो आधी कुठे होता? भाकरीतच होता. पण तेव्हा तो कड नव्हता, पोटातली एक न दिसणारी रेघ होता. मोडल्यावर तो काठ झाला.

आता काठ सोडा. आतल्या भागाकडे या.

समोरच्या अर्ध्याचे मनातल्या मनात निमुळते काप करा. प्रत्येकाचं टोक मध्यबिंदूत, बूड गोल कडेवर. काप जितके बारीक होतील तितके होऊ द्या. मग एक काप सुलटा, एक उलटा, असे दात दातांत बसवत शेजारी शेजारी लावा. गोल कड वर-खाली निम्मी निम्मी वाटली गेली. काप बारीक होत जातील तशी समोर एक आयताकृती पट्टी तयार होईल : लांबी 22, उंची 14. गुणाकार करा. 308 चौरस सेंटिमीटर. अख्ख्या भाकरीचं क्षेत्रफळ 616. हे बरोबर त्याचं निम्मं. आर्यभटाचा वर्तुळाचा नियमही हाच आहे, अर्धा परिघ गुणिले अर्धा व्यास : 44 गुणिले 14, 616.

म्हणजे भूक निम्मीच भागेल. त्यात लबाडी नाही. पीठ वाढलं नाही, घटलंही नाही. वाढली ती कड.

ही गोष्ट थोडी मुरू द्या. अख्खी भाकरी, कड 88. दोन अर्ध्या, मिळून 144. चार चतकोर, प्रत्येकी 50, मिळून 200. दर वेळी मधून मोडलं की 56 वाढतात, कारण नवा काठ दोन्हीकडच्यांच्या वाट्याला येतो. क्षेत्रफळ मात्र 616 वरून हलत नाही. दोघा भावांत शेत वाटलं की जमीन तेवढीच राहते, बांध नवा येतो. आणि बांध राखायचा दोघांनाही असतो.

आपल्या भाषेनं हे आधीच ओळखलं असावं. कोर म्हणजे काठ. आणि कोर म्हणजे तुकडाही : चंद्रकोर, चतकोर.

आता बाजूला ठेवलेलं अर्ध उचला. दोन्ही मोडलेले काठ एकमेकांना भिडवा. तडा दिसतो, दिसू द्या. मुंगीला पुन्हा काठावर सोडा. ती कोपरा शोधत टोकाशी येते, क्षणभर घुटमळते आणि गोल काठानं पुढे जाते. 72 आणि 72 चे झाले 88. दोन व्यास एकमेकांत मिटले.

एक श्वास. अजून एक.

डोळे उघडा. पुढच्या वेळी गरम भाकरीतली अर्धी कुणाच्या ताटात वाढाल, तेव्हा हात थोडा थांबवा आणि बघा. भाजलेला गोल काठ गप्प असतो. वाफ येते ती मोडलेल्या बाजूनं.