अंधारात गेलेल्याचा हिशेब
शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता 139, ओव्या 11 व 12

भाताची हंडी चुलीवरून उतरविली म्हणजे घटकाभरात निवते. निवलेली हंडी आपोआप तापलेली कोणी पाहिली नाही. सृष्टीतील विस्कळितपणा एकंदरीत घटत नाही, असा उष्णताशास्त्राचा नियम आहे. त्या विस्कळितपणाच्या मापास विद्वान एंट्रॉपी म्हणतात.

धान कापल्यावर अमावास्येच्या रात्री दिघोरीच्या बांध्यांत उभे राहून जे आकाश आपण पाहतो, त्यात कृष्णविवरेही आहेत. त्यांत पडलेले परत येत नाही, प्रकाशसुद्धा नाही. मग तापलेली हंडी तेथे पडली, तर तिच्या विस्कळितपणाचा हिशेब बुडाला काय? 1972 साली जेकब बेकेन्स्टाइन यांनी सुचविले की, तो विवराच्या सीमेच्या क्षेत्रफळात जमा होतो. 1974 साली स्टीफन हॉकिंग यांनी गणिताने दाखविले की, विवरासही तापमान असते व ते किंचित उष्णता बाहेर टाकते. (आकाशातील विवराची ती उष्णता अद्याप कोणी मोजलेली नाही.)

या कोड्यावर श्रम करणारे एक गृहस्थ आपल्याच महाराष्ट्रातले. अभय अष्टेकर यांचा जन्म 1949 साली खानदेशातील शिरपूर येथे झाला. 1974 साली त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली, आणि 1986 साली आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांस नवे रूप दिले. त्यावरून असा विचार वाढला की, अवकाश हे अखंड नसून वस्त्राप्रमाणे सूक्ष्म धाग्यांनी विणलेले आहे. 1998 साली त्यांनी व तिघा सहकाऱ्यांनी विवराच्या सीमेवरील सूक्ष्म रचनांची गणती केली. उत्तर क्षेत्रफळाच्या प्रमाणातच आले. एक अंक मात्र त्यांना बाहेरून ठरवावा लागला, व तसे त्यांनी उघड लिहिले. मला तर ही सचोटी त्या गणिताइतकीच मोलाची वाटते.

सुवार्तिक बंधूंनो, एवढ्यावरून शास्त्राने देव सिद्ध केला, असे उपदेशात सांगू नका. उद्या दुसरे गणित निघाले, तर कॉलेजात शिकणारी आपलीच मुले त्याबरोबर विश्वासही टाकून देतील.

परंतु ज्या आईने आपले लेकरू मातीत ठेविले, ती हाच प्रश्न विचारते : अंधारात गेले, त्याचा हिशेब कोणापाशी? तिला स्तोत्रकर्ता उत्तर देतो की, परमेश्वरापुढे अंधारही अंधार राहत नाही. अशा घरी जाल तेव्हा कृष्णविवराचे नाव काढू नका. हे स्तोत्र सावकाश वाचा, आणि तिच्याजवळ थोडा वेळ उगे बसा.