पळालेल्याचा पत्ता

घरातून पळून जाणं हे पाप की पुण्य, याचा निकाल आपल्याकडे पळणारा कोण होऊन परततो यावर लागतो. जांबेचा नारायण ठोसर बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळाला, अशी कथा आहे. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तप, पुढची बारा देशभर भ्रमंती. आपण त्याला समर्थ रामदास म्हणतो आणि हात जोडतो. शेजारचा बंड्या नापास होऊन नुसता कल्याणपर्यंत पळाला, तर ‘संस्कारच नाहीत हो!’ म्हणून मोकळे होतो. समर्थांची आई राणूबाई वाट पाहून पाहून आंधळी झाली, असं सांगतात. तिच्याकडे बघायला मात्र आपल्याला सवड नसते.

कादंबरीत पळालेल्या पोराचं बरं असतं. ऑलिव्हर ट्विस्ट १८३७ पासून उपाशीपोटी पळतो आहे. पण शेवटच्या पानापर्यंत त्याला घर मिळणार, याची वाचकाला खात्री असते. कादंबरीकार पोराला घर देतो, पुरावा मागत नाही. मी पडलो बँकेतला कारकून. लोकांना पत्ता विचारणं यावरच माझं पोट.

आणि विचारायचा कुठे, तर उल्हासनगरात! महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. म्हणजे गावच्या गाव पत्ता हरवलेल्यांचं. पुढच्या अंबरनाथला १०६० सालच्या देवळात महादेवाच्या गाभाऱ्यावर छप्परच नाही, वर थेट आकाश. त्याच्याकडे निवासाचा दाखला कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. त्याच्याही पुढे बदलापूर. तिथे म्हणे पूर्वी घोडे बदलत. आता माझ्यासारखे लोक परवडणाऱ्या खोलीसाठी पत्ता बदलतात.

तर आमच्या शाखेत एक पोरगा आला. चौदाव्या वर्षी पळालेला, आता अठरा पूर्ण. सोबत खानावळ चालवणाऱ्या सिंधी अम्मा. गाव कुठलं? पोरगा गप्प. म्हटलं, छोटं खातं उघडू. त्याला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही पुरते; शिल्लक ५० हजारांच्या आत, महिन्याला काढायचे फार तर १० हजार. अम्मा म्हणाल्या, “लिखो साईं, मेरा लड़का है। मेरी सास कैंप में आई, तब उससे किसने पता पूछा था?”

प्रश्न बिनतोड होता. पण माझ्या डोक्यातून राणूबाई जाईना. अम्मांच्या सासूला मागे वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं; या पोराला असेल तर? मायेनं ठेवून घेणं आणि लपवून ठेवणं यांत अंतर किती? २०१५ चा बालन्याय कायदा म्हणतो, असं मूल सापडलं तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं. मुलाचं म्हणणं ऐकावं, असंही तोच कायदा म्हणतो. हे दुसरं कलम मला जास्त आवडतं, कारण पळणाऱ्याला घरी कुणी ऐकलं असतं तर तो बहुधा पळालाच नसता. पोराला उचलून गावच्या गाडीत बसवलं की आपल्याला पुण्य लागतं. त्याच्या पाठीवर पुन्हा काय पडतं, ते बघायला आपण गावात नसतो.

मी नामनिर्देशनाचा फॉर्म पुढे केला. आपल्यामागे पैसे कुणाला? इथे नाव, नातं, पत्ता, सगळं लागतं. पोरानं बराच वेळ पेन चावलं. आमचं पेन, दोरीला बांधलेलं. मग विचारलं, “दोन नावं चालतात?”

चालतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार चालतात, टक्केवारी शंभर भरली म्हणजे झालं. त्यानं अम्मांना ५० टक्के दिले. उरलेल्या ५० टक्क्यांपुढे एका बाईचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात ‘आई’, आणि गाव, तालुका, जिल्हा, पिनकोडसकट पत्ता. एकदाही न अडखळता.

अम्मांना मराठी वाचता येत नाही. त्यांनी मला विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. त्या पोराकडे वळून एवढंच म्हणाल्या, “फोन नंबर भी याद है क्या?”

पोरगा मान खाली घालून पाचशेची नोट सरळ करत बसला. खात्यातली पहिली जमा.