हागारेचे नाव

उत्पत्तीच्या 16 व्या व 21 व्या अध्यायांत मिसरी दासी हागार हिची कथा आहे. ती वाचिताना आपण बहुधा साराच्या तंबूतून बाहेर पाहतो. परंतु अमेरिकेतील ज्या कृष्णवर्णी स्त्रियांचे पूर्वज गुलामगिरीत खपले, त्यांनी ती रानात हागारेजवळ बसून वाचिली. त्यांपैकी डेलोरेस विल्यम्स ह्या ईश्वरविज्ञानाच्या पंडितेने 1993 साली ह्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. देवाने पळालेल्या हागारेस धनिणीकडे परत का पाठविले? हा प्रश्न कठीण आहे, व तो झाकून ठेवू नये असे आम्हांस वाटते. त्या बाईंचे म्हणणे असे की, देव प्रत्येक वेळी बंधने तोडितोच असे नाही. पण रानात जगण्याचा मार्ग तो दाखवितो. पुढे मूल तहानेने मरू लागले, तेव्हा त्याने हागारेचे डोळे उघडिले व तिला विहीर दिसली.

आणखी एक गोष्ट पाहा. ह्या अध्यायांत सारा व अब्राहाम तिला दासीच म्हणतात. तिचे नाव त्यांच्या मुखी एकदाही येत नाही. तिला नावाने हाक मारितो तो देवाचा दूत. आणि तीच दासी देवाला नाव ठेविते: पाहणारा देव.

आपल्यांतील कित्येक भगिनींनी हागारेचे दुःख भोगिले आहे. त्यांस ही कथा धीर देवो. आणि ज्यांच्या शेतात दुसरी कोणी निंदणी करिते, त्यांनी आज स्वतःस विचारावे: तिचे नाव आम्हांस ठाऊक आहे काय?