घडविणे आणि घडणे

शाळांमधून ‘प्रकल्प’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. पूर्वी हस्तव्यवसायाचे व कार्यानुभवाचे तास वेळापत्रकाच्या कोपऱ्यात पडलेले असत आणि परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक ते आपल्याकडे मागून घेत. आज इतिहासापासून विज्ञानापर्यंत जवळजवळ प्रत्येक विषयाला प्रकल्प आहे, प्रकल्पाला गुण आहेत आणि प्रकल्पवहीच्या शेवटी बहुधा एक पान राखून ठेवलेले असते : ‘या प्रकल्पातून मी काय शिकलो?’ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर विद्यार्थ्याने केलेले स्वतःचे मूल्यमापनही प्रगतिपुस्तकात यावे, असे सुचविले आहे. हेतू स्तुत्य आहे. केवळ घोकंपट्टीने मूल मोठे होत नाही, हे सत्य त्यामागे आहे. परंतु या शेवटच्या पानाने एक जुना नैतिक प्रश्न पुन्हा आमच्यासमोर आणून ठेवला आहे. माणूस एखादी वस्तू घडवितो तेव्हा तो स्वतःही घडतो काय? आणि घडत असेल, तर ‘मी घडलो’ याची ग्वाही त्यानेच, तीही गुणांसाठी, द्यावी काय?

हा प्रश्न हवेत ठेवण्यापेक्षा डहाणू-तलासरीच्या मातीत उतरवलेला बरा. घोलवड म्हटले की वाचकांना चिकू आठवतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु घोलवडच्या शेजारीच बोर्डी आहे आणि थोडे आत गेले की कोसबाडची टेकडी लागते. हाताने काम करता करता मूल कसे वाढते, याचा महाराष्ट्रातील फार मोलाचा शोध या परिसरात घेतला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या निधनानंतर, म्हणजे १९७३ नंतर, अनुताईंनी ते १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत पुढे चालविले. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. ते गुरे राखावयास जाते, तर शाळेने कुरणात जावे, अशी ही साधी आणि क्रांतिकारक दृष्टी होती. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्या दृष्टीचीच लेकरे होत. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

ताराबाईंच्या विचाराचे एक मूळ दूर रोममध्ये सापडते. इटलीतील कॅथलिक डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, तेथील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या शिक्षणसाहित्याचा एक विशेष येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. लाकडी ठोकळा चुकीच्या खाचेत घातला की तो बसत नाही. चूक शिक्षिका सांगत नाही, वस्तूच सांगते. म्हणून माँटेसरींना बक्षिसांची गरज वाटली नाही, शिक्षेचीही नाही. हे महागडे साहित्य आपल्या खेड्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा ताराबाई व अनुताई यांनी बिया, शिंपले, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंतूनच साहित्य उभे केले. साहित्य बदलले, तत्त्व तेच राहिले : मुलाचे लक्ष वस्तूवर असावे आणि मोठ्यांचे लक्ष मुलावर असावे.

आजच्या प्रकल्पवहीचे शेवटचे पान हा क्रम उलटा करते, असे आम्हांस वाटते. मुलाने आपले लक्ष वस्तूवरून काढून स्वतःवर लावावे आणि मोठ्यांनी मुलाकडे पाहण्याऐवजी त्याने स्वतःविषयी लिहिलेले वाचावे, अशी ती अपेक्षा आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. नववीच्या वर्गास ‘आपली लोककला’ हा प्रकल्प दिला आहे. एका बागायतदाराचा मुलगा तांबूस पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने वारली पद्धतीचे त्रिकोणी माणसांचे नृत्य काढून आणतो. चित्र नीटनेटके आहे, मजकूर छापील आहे आणि शेवटच्या पानावर ‘या प्रकल्पामुळे मला आदिवासी संस्कृतीचे महत्त्व समजले व माझ्यात संयम हा गुण वाढला’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आहे. त्याच वर्गातील एक वारली मुलगी लग्नचौक काढावयाचा ठरवून घरी जाते. आजी तिला सांगते की, चौक असा कधीही काढीत नाहीत. तो लग्नाचा असतो, त्यात पालघाट देवी बसते, सवाष्णी तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात आणि धवलेरी गाणी म्हणते. मुलगी चौक काढीत नाही. ती शेत आणि तारपा वाजविणारा माणूस काढते; तेही घाईत, कारण दोन दिवस आजीजवळ बसण्यात गेलेले असतात. शेवटच्या पानावर ती एवढेच लिहिते : ‘आजीला विचारले. चौक काढायचा नाही, असे ती म्हणाली. म्हणून काढला नाही.’ गुण कोणास अधिक मिळतील, हे शिक्षक-वाचकांना सांगावयास नको. पण त्या दोन दिवसांत कोण अधिक घडले?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. परंपरेच्या बाहेर पाऊल टाकणारा प्रत्येक जण तिचा अवमान करतो, असे आम्ही म्हणत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे पुरुष होते आणि तरीही त्यांनी स्त्रियांच्या हातची ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली, नित्य आणली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचे आयुष्य त्या कलेत गेले. आणि आमच्या कल्पनेतील बागायतदाराचा मुलगाही खोटारडा नाही. त्याने ते वाक्य लिहिले, कारण तसे वाक्य तेथे अपेक्षित आहे, हे त्याला ठाऊक होते. दोष त्याचा थोडा आणि त्याला तसे शिकविणाऱ्या आपला अधिक आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक भेद करून ठेवला आहे. वस्तू कशी करावी, याविषयीची यथार्थ बुद्धी म्हणजे कला आणि कसे वागावे, याविषयीची यथार्थ बुद्धी म्हणजे विवेक. कला वस्तूला पूर्णत्व देते, विवेक माणसाला. अॅरिस्टॉटलच्या मार्गाने जाऊन ते दाखवितात की, जाणूनबुजून चूक करणारा कारागीर हा अजाणता चूक करणाऱ्यापेक्षा कारागीर म्हणून वरचढच ठरतो. सुताराने मुद्दाम वाकडा पाट केला तर त्याची कला उणी होत नाही. परंतु जाणूनबुजून अन्याय करणारा माणूस हा अजाणता करणाऱ्यापेक्षा वाईट होय. तेव्हा उत्तम वस्तू करणारा माणूस उत्तम असेलच, असे नाही. इतिहासात थोर कलावंत आणि क्षुद्र माणूस एकाच देहात नांदलेले अनेकदा दिसतात. ‘सर्जनशीलतेने व्यक्तिमत्त्व घडते’ हे वाक्य शाळांच्या वार्षिक अहवालांतून नेहमी वाचावयास मिळते. ते अर्धेच खरे आहे.

मग उरलेले अर्धे कोठे आहे? वस्तू करीत असताना माणसाला वागावेही लागते, तेथे ते आहे. चार मुलांनी मिळून नकाशा करावयाचा असतो. त्यांतील एकाचे कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाते. डहाणू-तलासरीत ही दरवर्षीची गोष्ट आहे. त्याचे नाव प्रकल्पावर ठेवावयाचे की नाही? नदी चुकीच्या जागी रंगविली गेली. ती खोडून पुन्हा काढावयाची की शिक्षकांच्या लक्षात येणार नाही, असे म्हणावयाचे? बाजारात तयार मिळणारी प्रतिकृती आणून आपली म्हणावयाची काय? वडिलांनी केलेल्या कामाखाली आपले नाव घालावयाचे काय? हे प्रश्न कलेचे नव्हेत, विवेकाचे होत, आणि मूल त्यांच्यापाशी घडते किंवा बिघडते. गुणपत्रिकेला मात्र त्यांतले काहीच दिसत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या आपल्या विश्वपत्रात हाच धागा कामगाराच्या बाजूने उचलला आहे. श्रमाचे मोल मुळात काय निर्माण झाले यावरून ठरत नाही, ते निर्माण करणारी एक व्यक्ती आहे यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कारखान्याला लागू पडणारे हे सत्य शाळेला अधिकच लागू पडते. कारखान्याला निदान वस्तू हवी असते. शाळेला नववीतल्या मुलाच्या नकाशाचा काय उपयोग? तो नकाशा वर्ष संपताच रद्दीत जाणार. उरणार आहे ते मूल.

येथे कोणी म्हणेल की, मग मुलाने स्वतःकडे पाहूच नये काय? विचार न केलेला अनुभव मुका राहतो. हा आक्षेप बळकट आहे आणि ख्रिस्तसभेची परंपरा त्याच्या बाजूने उभी आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी दररोज आत्मपरीक्षण करावयास सांगितले. प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी आपण आपली सदसद्विवेकबुद्धी तपासतो. संत लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दोन माणसे आठवावीत. मंदिरात गेलेल्या परूशाने आपल्या उपवासांची आणि दशांशाची यादी वाचली. ती यादी खोटी होती, असे प्रभू येशूने म्हटलेले नाही. आणि दूर उभ्या राहिलेल्या जकातदारानेही स्वतःचे मूल्यमापन केलेच की! तेव्हा दोघांतील भेद आत्मपरीक्षण करणे वा न करणे हा नव्हे. एकाला दुसऱ्याच्या तुलनेत आपली उंची मोजावयाची होती; दुसऱ्याला फक्त देवासमोर खरे बोलावयाचे होते.

प्रकल्पवहीचे शेवटचे पान गुणांसाठी लिहिले जाते, तेव्हा आपण मुलांना परूशाची प्रार्थना शिकवितो. ‘माझ्यात संयम वाढला’ हे वाक्य शेजारच्यापेक्षा एक गुण अधिक मिळविण्यासाठी लिहिले गेले की, संयम वाढलेला असला तरी त्याचे मोल त्याच क्षणी उतरते. शिवाय आज मोबाइलमधील यंत्रबुद्धी असे पान क्षणार्धात लिहून देते आणि ते मुलाने लिहिलेल्या पानाहून अधिक सफाईदार असते. ज्या यंत्राने कधी बोटाला डिंक लावला नाही, ते ‘मी चिकाटी शिकलो’ असे लिहू शकते, यावरून या पानाची परीक्षा म्हणून किती किंमत उरली आहे, हे ताडावे.

उपाय शोधावयास फार दूर जावे लागत नाही. इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाचा आरंभ दोष मोजण्याने होत नाही, प्रगती मोजण्यानेही होत नाही. तो कृतज्ञतेने होतो : आज मला काय मिळाले, कोणाकडून मिळाले? शिक्षकांनी मुलाला ‘तू किती वाढलास?’ असे विचारण्याऐवजी वस्तूविषयी आणि माणसांविषयी विचारावे. कोठे अडलास? काय मोडले? पुन्हा केलेस तेव्हा काय बदललेस? कोणाची मदत घेतलीस? त्याचे नाव लिहिलेस काय? या प्रश्नांची उत्तरे घडलेल्या गोष्टींची असतात, म्हणून ती खरी देणे सोपे असते आणि खोटी देणे अवघड. वारली मुलीच्या तीन ओळी म्हणजे याच प्रश्नांचे उत्तर होते. आणि स्वतःविषयीचे पान ठेवावयाचेच असेल, तर त्याला गुण नसावेत. शिक्षकांनी ते पाहिलेच पाहिजे, असाही आग्रह नसावा. मुलाच्या अंतःकरणात एक दालन असे असावे की, जेथे शाळा आणि घर दोघांनीही दार ठोठावल्याखेरीज प्रवेश करू नये.

पालकांसाठीही एक शब्द. नाताळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामांतून गोठ्यांच्या स्पर्धा भरतात. गोठे उत्तरोत्तर देखणे होत चालले आहेत. मुले मात्र त्यांच्यापासून हळूहळू दूर उभी राहू लागली आहेत. वडील विजेची जोडणी करतात, काका धबधबा बसवितात, मूर्ती बाजारातून येतात आणि मूल परीक्षकांना माहिती सांगते. बक्षीस मिळते. पण भाताच्या पेंढ्याचे छप्पर दोनदा कोसळल्यावर तिसऱ्यांदा ते कसे उभे करावे, हे त्या मुलाला कळत नाही, आणि ज्या बाळाला जगात कोठे जागा मिळाली नाही त्याच्यासाठी आपल्या हातांनी थोडी जागा करण्याचा आनंदही त्याच्या वाट्याला येत नाही. मुलाचा गोठा थोडा वाकडा झाला तर होऊ द्यावा. नासरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या बाळाला त्याचे वाईट वाटणार नाही.

माणूस घडविताना घडतो, यावर आमची श्रद्धा आहे. आपल्याला घडविणाऱ्या पित्याचे ते प्रतिबिंबच होय. परंतु ते घडणे शेतातल्या दाण्यासारखे आहे. दाणा रुजला की नाही, हे पाहण्यासाठी तो रोज उकरणारा शेतकरी पीक घेत नाही. आपण जमीन नांगरावी, पाणी द्यावे, गुरे आत शिरू नयेत म्हणून कुंपण घालावे आणि वाट पाहावी. डहाणू-तलासरीच्या मुलांची घरची माणसे हे पिढ्यान्पिढ्या करीत आली आहेत. त्यांच्याकडून ते शिकण्यास आपण शाळांनी आणि धर्मग्रामांनी कमीपणा मानू नये.