१७८ अंशांचा त्रिकोण

भंडारा जिल्ह्यातलं, तुमसर तालुक्यातलं सिहोरा. आजूबाजूला धानाच्या बांध्या. तिथल्या एखाद्या शाळेतला सहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. मुलं खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन बसली आहेत. तीन काड्या म्हणजे तीन बाजू. त्या जिथे ट्यूबने जोडल्या, ते तीन शिरोबिंदू. एक काडी फारच लांब घेतली तर उरलेल्या दोघींची टोकं एकमेकींना भेटतच नाहीत. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. हे सरांना सांगावं लागत नाही, हातालाच कळतं.

अडचण येते ती तिसऱ्या घटकाशी, कोनांशी. एक मुलगी कागदाचा त्रिकोण कापते, कोनमापक ठेवते. ५७, ६२, ५९. बेरीज १७८. पुस्तकात तर १८० म्हटलंय. ती इकडेतिकडे बघते, ५७ खोडते, ५९ लिहिते. सर बरोबरची खूण करतात.

ती नेमकं काय शिकली? त्रिकोणाचा गुणधर्म तिला आधीही पाठ होता. नवं शिकली ते एवढंच, की डोळ्यांना दिसलेलं आणि पुस्तकात छापलेलं जुळलं नाही तर डोळ्यांना खोटं पाडायचं. पुढे कॉलेजात आपण उत्तर आधी पाहून प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग्ज उलटी भरतो ना, त्याची सुरुवात इथेच असते.

कुणी म्हणेल, पण १७८ चूकच आहे की! चूक शिकवायची का? प्रश्न रास्त आहे. कोनमापकावर आकड्यांच्या दोन उलटसुलट ओळी असतात. ५० ऐवजी १३० वाचलं तर बेरीज पार कोसळते. अशा वेळी ‘माझं मोजमाप प्रामाणिक आहे’ एवढं म्हणून भागत नाही, पुन्हा मोजावं लागतं. पण पुन्हा मोजणं वेगळं आणि खोडणं वेगळं. पहिल्यात आपण त्रिकोणाकडे परत जातो, दुसऱ्यात फक्त उत्तराकडे.

मोठ्या माणसांचे त्रिकोणही चटकन जुळत नाहीत. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. डोंगरमाथ्यांवर, देवळांच्या शिखरांवर यंत्र ठेवून ते मैलोन् मैल लांबीच्या बाजूंचे त्रिकोण मोजत उत्तरेकडे सरकले आणि १८२३ मध्ये आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला वारले. पृथ्वी गोल, म्हणून एवढ्या मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०पेक्षा किंचित जास्तच भरते. वर यंत्राची आणि डोळ्याची चूक असतेच. त्यांनीही आकडे दुरुस्त केले. पण त्यांच्या तक्त्यांत पाहिलेला कोन वेगळ्या रकान्यात राहिला, दुरुस्त केलेला वेगळ्या. वहीतली खाडाखोड आणि ही दुरुस्ती यांत फरक त्या एका रकान्याचा.

मग १८० येतं कुठून? कोनमापकातून नव्हे. शंभर त्रिकोण मोजले तरी ‘सगळ्या त्रिकोणांचं असंच’ म्हणता येत नाही. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेघ काढली की पायाचे दोन कोन व्युत्क्रम कोन म्हणून वर येऊन बसतात आणि तिन्ही मिळून सरळ रेषा होते. युक्लिडने हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं. तो त्रिकोण कागदाचा नाही, काडीचा नाही. त्याच्या रेघेला जाडीच नाही. हाताने केलेली कृती आपल्याला त्या त्रिकोणाच्या दारापर्यंत नेते. आत विचारानेच जावं लागतं.

म्हणून सिहोऱ्यातल्या त्या सरांनी फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहावेत असं मला वाटतं: १७८, १८१, १७९, १८०. कुणाचंही खोडू नये. मग विचारावं, सगळे १८०च्याच आसपास का घुटमळतायत? या प्रश्नासाठी त्या मुलीचे १७८ हवेत. ते तिने खोडले, तर विचारायला काही उरतच नाही.