दुसरा घास अपानाचा



आजचं चिंतन गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या चौदाव्या श्लोकावर. जेवणाआधी हा अध्याय म्हणायची पद्धत अनेक घरांत आहे, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. भगवंत सांगतात की वैश्वानर अग्नी होऊन मीच प्राण्यांच्या देहात राहतो आणि प्राण-अपानांच्या सोबतीने चार प्रकारचं अन्न पचवतो.

आपण नेहमी 'पचवतो' या शब्दाशी थांबतो. आज 'अपान' या शब्दाशी थांबूया.

परंपरेने अपान म्हणजे खाली जाणारा वायू. शरीराला नको ते बाहेर टाकणं हे त्याचं काम. आता जेवणापूर्वीच्या प्राणाहुती आठवा. आमच्या घरी पहिली आहुती प्राणाला आणि लगेच दुसरी अपानाला. अजून पोटात काही गेलेलंही नाही, आणि बाहेर टाकणाऱ्याचा मान आधीच ठेवला! ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलायला आपण लाजतो, तिला आपल्या पूर्वजांनी ताटाशी बसवलं.

कारण साधं आहे. जिथे अग्नी, तिथे राख. पेशींमध्ये अन्न जळतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो आपण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर सोडतो. प्रथिनं मोडली की अमोनिया बनतो. तो मेंदूला घातक, म्हणून यकृत त्याचा त्यामानाने निरुपद्रवी युरिया करतं. हे चक्र कसं चालतं ते हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्यावर उरलेलं बिलीरुबिन पित्तावाटे आतड्यात जातं आणि शेवटी मलाला त्याचा रंग देतं.

आणि मूत्रपिंडं! दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातला द्रवभाग जेमतेम ३ लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. त्यातून लघवी होते दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं परत रक्तात.

इंजिनिअर म्हणून मला यातली पद्धत फार आवडते. आपण सिस्टीम बनवली असती तर 'काय वाईट आहे' याची यादी केली असती आणि तेवढंच बाहेर काढलं असतं. मूत्रपिंड मुख्यतः उलट वागतं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं सोडून जवळजवळ सगळंच आधी बाजूला काढतं. साखर, क्षार, पाणी, सगळं. मग जे हवं ते मोजून परत घेतं. त्यामुळे एखादा नको असलेला पदार्थ यादीत नसला तरी बहुधा बाहेर जातो.

मनाचंही असंच करता येईल का? आपण सगळं धरून ठेवतो आणि त्यातलं काय टाकू हे शोधत बसतो. काहीच टाकवत नाही. मग रोज रात्री नामस्मरणाला बसताना दिवस अख्खाच देवापुढे ठेवला तर? मॅनेजरचं बोलणं, मिळालेली शाबासकी, रुसवा, सगळंच. आणि उद्यासाठी लागेल तेवढंच परत उचलायचं.

पण हे चिंतन मी लिहायला घेतलं ते मावशीमुळे. माझी मावशी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण ४ तास. आषाढीला तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, चाळीस वर्षांची एकादशी मोडली. आता पांडुरंगाला काय तोंड दाखवू?"

तिचा प्रश्न खरा होता. बटाटा, रताळं, केळं, शहाळं, खजूर हे आपले उपासाचे पदार्थ पोटॅशियमने भरलेले. मूत्रपिंड चालत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडते, अगदी जिवावर बेतू शकतं. तिला डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच खायचं आहे.

मी म्हटलं, "मावशी, सतराव्या अध्यायात भगवंत काय सांगतात? शास्त्र सोडून, दंभाने देहाला छळणारे लोक आत बसलेल्या मलाच छळतात. तू तर देह सांभाळतेयस. तुझा अपान सध्या त्या मशीनमध्ये येऊन बसलाय एवढंच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मशीनलाही नमस्कार करायला हवा की!" आता डाव्या हाताला सुया असतात आणि उजव्या हातात माळ.

त्या मशीनचा पूर्वज विलेम कोल्फ या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये बनवला. लाकडी पिंपाभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी! १९४५ मध्ये त्यावर पहिला रुग्ण वाचला. वैश्वानराला कुठल्याही देशात, कुठल्याही हातांनी काम करता येतं.

आपल्या वयाच्या मंडळींना दोन गोष्टी सांगतो. 'डिटॉक्स'च्या नावाखाली उपास करू नका. घामाचं मुख्य काम शरीर थंड ठेवणं आहे आणि सफाईचं काम यकृत-मूत्रपिंडं रोज करतातच. उपवास म्हणजे जवळ राहणं, देवाच्या. आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची मोठी कारणं मधुमेह आणि उच्च रक्तदाब. दोन्ही बराच काळ गुपचूप असतात. घरच्यांचं बीपी, साखर, क्रिएटिनिन तपासून घ्या. मनाने पेनकिलर घेत राहू नका.

आजचा संकल्प: जेवायला बसाल तेव्हा दुसरा घास अपानाचा, हे आठवून घ्या. आणि घरात कुणी आजारपणामुळे उपास सोडला असेल, तर त्यांचं ताट आज तुम्ही वाढा. तोही नैवेद्यच आहे.

राम कृष्ण हरी!