सोंगटी अडली तर

लालबाग-परळच्या चाळींत एके काळी गॅलरीत कॅरमचा बोर्ड मांडला, की चौघे खेळत आणि चौदाजण पाहत. खेळणाऱ्यांपेक्षा हा पाहणारा वर्गच मला अधिक कोड्याचा वाटत आला आहे. त्याला नेमके काय हवे असते? गेलेली सोंगटी, की अडलेली?

हिशेब पाहा. नियमाप्रमाणे भोकाचा व्यास ४.४५ सेंटिमीटर, सोंगटीचा फार तर ३.१८. म्हणजे मोकळीक उणीपुरी सव्वा सेंटिमीटरची. स्ट्रायकर ४.१३ पर्यंत चालतो. तोही त्याच भोकात पडू शकतो, आणि पडला की आपली सोंगटी परत मांडावी लागते. सारी गंमत एवढ्याशा फटीत आहे. भोक वाटीएवढे करा. शेंबडे पोरही एका बैठकीत नऊ सोंगट्या घालील आणि गॅलरी ओस पडेल. ते सोंगटीच्याच मापाचे करा; कोणालाच काही जमणार नाही, आणि कंटाळा तोच.

बिलियर्ड्सने हे भोगले आहे. १९०७ साली इंग्लंडात टॉम रीस याने खिशाच्या तोंडाशी दोन चेंडू अडकवून महिनाभर एकच फटका मारीत ४,९९,१३५ गुण केले, तरी खेळी संपली नव्हतीच! पाहायला प्रेक्षक सतत हजर नव्हते, म्हणून ती अधिकृत विक्रमात धरली नाही. पुढे त्या फटक्यावरच बंदी आली.

मग आपण दुसऱ्याच्या चुकीवर खूश होतो असे समजायचे का? सोंगटी भोकाच्या ओठावर थांबते तेव्हा निघणारा ‘अरेरे’ नीट ऐकावा. त्यात हळहळ असते आणि तळाशी थोडी गुदगुलीही. मी तिला दोष देत नाही. तीच तोंडे पुढच्या फटक्याला ‘शाबास’ म्हणतात. पण कॅरमच्या जोरावर बँकेत, विमा महामंडळात नोकरी मिळवलेली माणसे आहेत. राणी अडली की आपली करमणूक होते. नोकरीच्या आशेने बसलेल्या पोराची भाकरी अडते.

एक मात्र पाहिले आहे. पावसाळ्यात बोर्ड सर्दला आणि सोंगटी वाटेतच बसली, तर कोणाला गुदगुली होत नाही. सगळे बोरिक पावडरचा डबा शोधू लागतात. कठीण आणि अन्याय्य यांतला फरक, एरवी शाळेत मला तासभर समजावावा लागणारा, तिथे कोणी न सांगता कळतो.

स्पर्धेत भोके आणखी लहान करा, पाहायला मजा येईल, असे म्हणणारे गृहस्थ मला भेटतात. मी त्यांना एवढेच विचारतो, की बोर्डापुढे आपण बसणार का.